नव्या परिचारिकेचे पहिले महिने

आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक घरांतून मुली, आणि अलीकडे मुलगेहि, परिचारिकेचें शिक्षण घेण्यास जातात. ही वाट नवी नव्हे. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, त्या काळापासून मिशनच्या दवाखान्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतल्या मुलींस हा मार्ग दाखविला आहे. मुलगी शिकत असतां घरचीं माणसें तिची काळजी वाहतात. परीक्षा झाली, नोंदणी झाली, नोकरीचा कागद हातीं आला म्हणजे पेढे वाटतात, आणि आतां सर्व मार्गीं लागलें असें समजून निश्चिंत होतात. खरें पाहतां तिच्या कठीण दिवसांस तेथूनच प्रारंभ होतो. दोन महिन्यांनीं ती घरीं येते ती वाळलेली असते, धड बोलत नाहीं, जेवणावर वासना नसते, आणि एके रात्रीं आईपाशीं म्हणते, "आई, हें काम मला जमणार नाहीं." अशा वेळीं आईबापांनीं, गुरुजींनीं किंवा उपदेशकांनीं तिला काय सांगावें, आणि तिनें स्वतः काय करावें, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही कीं, असें वाटणें हें नालायकीचें लक्षण नव्हे. अमेरिकेंतील मार्लीन क्रेमर ह्या परिचर्या शिकविणाऱ्या बाईंनीं ह्या विषयाचा शोध करून १९७४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चांगल्या शिकलेल्या परिचारिका थोड्याच काळांत काम सोडून कां जातात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांस असें आढळलें कीं, शाळेंत जें शिकवितात आणि वॉर्डांत जें प्रत्यक्ष चालतें त्या दोहोंत मोठें अंतर असतें, आणि त्या अंतराचा धक्का नव्या परिचारिकेस बसतो. आरंभीं सर्व गोड वाटतें: नवा गणवेश, पहिला पगार, रोग्यांनीं "सिस्टर, सिस्टर" म्हणून मारलेली हाक. मग धक्का येतो. राग, थकवा, स्वतःचा तिटकारा, आणि येथें सर्वच वाईट आहे अशी भावना मनांत घर करिते. तीहि कालांतरानें ओसरते. माणूस पुनः हसूं लागतें, आणि शाळेंतलें ज्ञान व वॉर्डांतलें शहाणपण ह्यांची सांगड त्यास घालतां येऊं लागते. कॅनडांतील अभ्यासकांनींहि नव्या परिचारिकांच्या पहिल्या १२ महिन्यांचें असेंच वर्णन केलें आहे. पहिले तीनचार महिने हातांतलें काम कसेंबसें उरकण्यांतच जीव गुंतलेला असतो. आपण काय करितों व कां करितों, हा विचार मागाहून सुचतो. तेव्हां आपली मुलगी दोन महिन्यांनीं रडत घरीं आली, तर ती वाट चुकली आहे असें समजूं नये. ज्या वाटेनें बहुतेक सर्व जणी गेल्या, तिच्या अवघड चढावर ती उभी आहे, इतकेंच.

शाळेंत शिकलें तें वॉर्डांत उपयोगीं कां पडत नाहीं, असें कोणी विचारील. उपयोगीं पडतें, पण लगेच नाहीं. शाळेंत एका रोग्याची शुश्रूषा शिकवितात, आणि वॉर्डांत एका वेळीं वीस रोगी असतात. एकाची सलाईन संपत आली आहे, दुसऱ्यास शस्त्रक्रियेस न्यावयाचें आहे, तिसऱ्याचे नातलग दाराशीं भांडत आहेत, चौथ्याचा रक्ताचा अहवाल आणावयाचा आहे, आणि खाटेवरची एक म्हातारी मघापासून निपचित पडून आहे. ती कांहींच मागत नाहीं. ह्यांपैकीं आधीं कोणाकडे जावें? अनुभवी परिचारिका दारांतून आंत येतांच त्या म्हातारीकडे वळते. तिला हें कसें कळलें, तें पुष्कळदां तिलाहि सांगतां येत नाहीं.

ह्याच गोष्टीचा अभ्यास पॅट्रिशिया बेनर ह्या अमेरिकन विदुषीनें केला, आणि तिचें पुस्तक १९८४ सालीं निघालें. विमान चालविणारे व बुद्धिबळ खेळणारे लोक प्रवीण कसे होतात, ह्याविषयीं ड्रेफस नांवाच्या दोघां बंधूंनीं जो विचार मांडला होता, तो तिनें परिचर्येस लावून पाहिला. तिच्या मतें नवशिकेपणापासून प्रावीण्यापर्यंत पांच पायऱ्या आहेत. परीक्षा उत्तीर्ण होऊन नुकतीच कामावर आलेली मुलगी दुसऱ्या पायरीवर असते. तिला नियम ठाऊक असतात, कांहीं प्रसंगहि पाहिलेले असतात. परंतु पुष्कळ गोष्टींतून महत्त्वाची कोणती, हें निवडतां येत नाहीं. ज्यास आपण काम येणें म्हणतों ती तिसरी पायरी होय, आणि ती एकाच प्रकारच्या कामांत दोनतीन वर्षें काढल्यावर येते. ही गोष्ट घरच्यांनीं नीट ध्यानांत धरावी. जें दोनतीन वर्षांनीं यावयाचें, तें दोन महिन्यांत आलें नाहीं म्हणून मुलगी स्वतःस दोष देत असते, आणि कधीं कधीं आपणहि, "इतकीं वर्षें शिकलीस तें काय?" असें बोलून त्या दोषांत भर घालतों.

आतां ह्या लेखाच्या मुख्य मुद्याकडे वळूं. नव्या परिचारिकेस पुष्कळ येत नाहीं, ही कांहीं मोठी भीतीची गोष्ट नव्हे. येत नाहीं तें ती झांकून ठेवील, हीच भीतीची गोष्ट होय. आपल्या खेड्यांत न समजलेलें विचारणें म्हणजे अपमान, अशी समजूत लहानपणापासून मुलांच्या मनांत रुजलेली असते. शाळेंत मास्तरांनीं "समजलें का?" म्हणून विचारलें, तर सगळा वर्ग "हो" म्हणतो. ही संवय वॉर्डांत नेली तर एखाद्याच्या जिवावर बेतूं शकतें.

एक उदाहरण घेऊं. मधुमेहावरचें इन्सुलिन आपल्या देशांत दोन तीव्रतांचें मिळतें. एका जातीच्या एका मिलिलिटरांत ४० एकक असतात, दुसरीच्या १००. दोहोंच्या सिरिंजहि वेगळ्या. ४० एककांच्या सिरिंजची टोपी बहुधा तांबडी असते व १०० ची नारिंगी. कुपी १०० एककांची आणि हातांतली सिरिंज ४० ची असून तिच्यावरच्या खुणा पाहून औषध भरलें, तर रोग्यास हवें त्याच्या अडीचपट इन्सुलिन जाईल. रक्तांतली साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडेल, क्वचित् प्राणासहि मुकेल. आतां ज्या मुलीनें शिकतांना एकच जात पाहिली आहे, तिच्या हातीं पहिल्या आठवड्यांत दुसरी आली, तर तिनें काय करावें? "सिस्टर, ही कुपी मी पूर्वीं वापरलेली नाहीं, एकदां माझ्यासमोर पाहाल का?" एवढे शब्द बोलावयास दहा सेकंदहि लागत नाहींत. ते न बोलण्यास कारण एकच, आणि तें लाज होय. चांगल्या रुग्णालयांत इन्सुलिनसारखें धोक्याचें औषध देण्यापूर्वीं दोघींनीं तें स्वतंत्रपणें तपासावें असा नियमच असतो. तेव्हां विचारणारी मुलगी कोणावर कांहीं उपकार मागत नाहीं.

औषध देतांना योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ह्या पांच गोष्टी पाहाव्या, हें प्रत्येकीनें शाळेंत पाठ केलेलें असतें. पाठ असूनहि चुका होतात, कारण औषधें काढीत असतां कोणी तरी हाक मारितो. म्हणून औषधांच्या ट्रॉलीपाशीं असतां हाक आली तर, "हें हातांतलें संपवून आलें," असें सांगावयास शिकावें, व मध्येंच उठावें लागलेंच तर परत येऊन पहिल्यापासून तपासावें. रोग्यास नांव विचारतांना, "तुम्ही पवार ना?" असें विचारूं नये. गुंगींतला किंवा कमी ऐकूं येणारा माणूस कशालाहि मान डोलावितो. "तुमचें पूर्ण नांव काय?" असें विचारून हातावरच्या पट्टीशीं व केसपेपराशीं ताडून पाहावें. आपल्याकडे एका वॉर्डांत दोन पवार आणि तीन शिंदे असणें कांहीं विशेष नव्हे.

विचारणें जसें वरिष्ठ परिचारिकेस, तसेंच सांगणें डॉक्टरांस. रात्रीं दोन वाजतां डॉक्टरांस फोन करावयाचा ह्या कल्पनेनेंच नव्या मुलीच्या हातापायांस कंप सुटतो, आणि मग ती एक तर फोन करीतच नाहीं, नाहीं तर, "रोग्यास बरें वाटत नाहीं," एवढेंच कसेंबसें बोलते. झोंपेंतून उठलेला डॉक्टर चिडतो, आणि पुढल्या वेळीं ती अधिकच भिते. ह्यावर एक सोपी रीत आहे. ती मूळची अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांतली, आणि आतां पुष्कळ देशांतल्या रुग्णालयांत रूढ आहे. चार गोष्टी क्रमानें सांगावयाच्या: आतां काय घडत आहे, पूर्वीं काय झालेलें आहे, मला काय वाटतें, आणि आपण काय करावें अशी माझी विनंति आहे. "सर, मी पुरुष वॉर्डांतून बोलतें. सात नंबरच्या आजोबांचा श्वास मिनिटास ३० चालला आहे. काल त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळीं श्वास १८ होता. मला त्यांची प्रकृति उतरत आहे असें वाटतें. आपण येऊन पाहावें." हें आधीं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घ्यावें व मग फोन उचलावा. तिसरें वाक्य उच्चारण्यास खेड्यांतल्या मुलीस फार जड जातें; मला काय वाटतें हें मी डॉक्टरांस कशी सांगूं, असें तिला होतें. पण रोग्यापाशीं आठ तास उभी असते ती तीच.

वरच्या उदाहरणांत श्वास मुद्दाम घेतला आहे. मोठ्या माणसाचा श्वास विसांवा घेत असतां मिनिटास १२ ते २० चालतो. ताप यंत्र दाखवितें, रक्तदाब यंत्र दाखवितें. श्वास मात्र घड्याळ हातीं धरून एक मिनिटभर मोजावा लागतो, म्हणून घाईच्या वॉर्डांत तो न मोजतांच सर्वांपुढें २० हा आंकडा लिहून टाकण्याची खोड पडलेली असते. प्रकृति बिघडूं लागली म्हणजे पुष्कळदां श्वासच आधीं बदलतो. नव्या मुलीनें ही खोड उचलूं नये. इतर बाबतींत ती सर्वांच्या मागें असली तरी ही गोष्ट ती पहिल्या दिवसापासून उत्तम करूं शकते, आणि आपल्या हातून एक तरी काम निर्दोष होतें ह्याचा तिच्या मनास आधार मिळतो.

वरिष्ठांच्या बोलण्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. कित्येक वॉर्डांत नवीनास टोमणे मारणें, रोग्यादेखत रागें भरणें, सर्वांत जड कामें तिच्यावर लोटणें, हा जणुं रिवाजच असतो. "आम्हींहि असेच दिवस काढले," असें त्याचें समर्थन होतें. हें समर्थन खोटें आहे. जी रागावलेल्या सिस्टरला भिते ती विचारीत नाहीं, आणि जी विचारीत नाहीं तिच्या हातून रोग्यास इजा होते. म्हणजे ह्या रिवाजाची किंमत शेवटीं रोगी भरतो. आपल्या वाचकांत वरिष्ठ परिचारिका असतील तर त्यांनीं हें मनावर घ्यावें. नव्या मुलीनें मात्र कडक बोलणें आणि दुष्ट बोलणें ह्यांतला भेद ओळखावा. "सुई टोंचण्यापूर्वीं हात कां धुतले नाहींस?" असें जी तडकून विचारते ती तिची शत्रु नव्हे. वॉर्डांत एखादी तरी समंजस बाई असते. तिला शोधून तिच्यापाशीं शिकावें. ती सिस्टरच असली पाहिजे असेंहि नाहीं. वीस वर्षें त्याच वॉर्डांत झाडलोट करणाऱ्या मावशीस खाटेवरच्या जड माणसास कूस कशी बदलून द्यावी, नातलगांशीं कसें बोलावें, हें पुष्कळदां पदवीवालीपेक्षां बरें कळतें. औषधाविषयीं मात्र मावशीस विचारूं नये.

रात्रपाळी हा एक वेगळाच धडा आहे. पहांटे तीन ते पांच ह्या वेळांत माणसाचें शरीर सर्वांत मंद असतें. तेव्हां मोजमाप दोनदां तपासावें, आणि रात्रपाळीनंतर लांब अंतर स्वतः गाडी चालवीत घरीं जाऊं नये. ह्यांतलें निम्में काम घरच्यांचें आहे. आपल्याकडे दिवसा निजलेल्या बाईस आळशी म्हणतात. रात्रभर उभें राहून आलेली मुलगी किंवा सून सकाळीं नऊ वाजतां निजली कीं, दहास शेजारीण हाक मारिते, अकरास पाहुणे येतात, बारास स्वयंपाकाला उठवितात. आणि त्याच रात्रीं ती पुनः कामावर जाते. अशा थकलेल्या हातीं आपल्या बापाचें इंजेक्शन द्यावें काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. खोलींत अंधार करावा, तिचा फोन बाहेर ठेवावा, आणि पाहुण्यांस स्पष्ट सांगावें कीं ती रात्रपाळी करून निजली आहे. पहिला पगार आला कीं घराचें सर्व कर्ज तिच्याच माथीं घालणें हेंहि असेंच. मग ती सुटी टाकून जादा पाळ्या करिते, आणि सहा महिन्यांत मोडते.

शरीराच्या रक्षणाविषयीं एक गोष्ट लाजेमुळें लपविली जाते म्हणून येथें लिहितों. वापरलेली सुई टोंचली तर पुष्कळ नव्या मुली ती गोष्ट कोणास सांगत नाहींत. आपला निष्काळजीपणा उघड होईल असें त्यांस वाटतें. सुई टोंचतांच ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें धुवावी, पिळूं नये. लागलीच वरिष्ठांस कळवावें. एच. आय. व्ही. चा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्य तों दोन तासांच्या आंत सुरू कराव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाहीं, आणि त्या २८ दिवस घ्यावयाच्या असतात. काविळीच्या ब जातीची लस कामावर रुजू होण्यापूर्वींच घ्यावी. तिचे तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्यानें व सहा महिन्यांनीं, पुरे होतात.

आणि मग मृत्यु. खेड्यांतल्या मुलीनें मरण पाहिलेलें असतें. गांवांत मयत झालें कीं चूल पेटत नाहीं, चार घरचीं माणसें येऊन बसतात. वॉर्डांत तसें होत नाहीं. जिला तिनें सकाळीं दूध पाजलें ती दुपारीं जाते. डोळे मिटवावयाचे, नळ्या काढावयाच्या, देह स्वच्छ करून गुंडाळावयाचा, कागद भरावयाचे, आणि तासाभरांत त्याच खाटेवर दुसरा रोगी घ्यावयाचा. रडावयास वेळ नसतो. तें रडणें मग चार दिवसांनीं भलत्याच वेळीं, जेवतांना किंवा बसमध्यें, येतें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पहिल्या मृत्यूच्या वेळीं जुन्या परिचारिकेनें नवीबरोबर उभें राहावें, व पाळी संपल्यावर तिच्यापाशीं पांच मिनिटें बसावें. जें मनांत राहतें तें बहुधा, "मी आणखी कांहीं करूं शकलें असतें का?" हा प्रश्न असतो. त्याचें उत्तर तो केसपेपर जाणणारी व्यक्तीच देऊं शकते. घरचीं माणसें देऊं शकत नाहींत.

इतकें करूनहि एखादीचें मन सांवरत नाहीं. वर्ष सरत आलें तरी झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जगणें नको वाटतें, अशी स्थिति असेल तर तो केवळ नवेपणाचा धक्का राहिला नाहीं, डॉक्टरांस दाखवावें. जगणें नको असें ती एकदां जरी बोलली, तरी वर्षाची वाट पाहूं नये, त्याच दिवशीं मदत घ्यावी. सरकारची टेलिमानस नांवाची मोफत दूरध्वनि-सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र मराठींतहि बोलतां येतें. कधीं कधीं वॉर्ड बदलून घेतला म्हणजे पुरतें, कधीं रुग्णालय बदलावें लागतें. अतिदक्षता विभागांत न टिकलेली मुलगी बालकांच्या वॉर्डांत किंवा गांवच्या आरोग्य केंद्रांत उत्तम काम करिते. तिला "पळून आलीस" असें कोणी म्हणूं नये.

राहिली घरच्यांच्या फोनची गोष्ट. पगार झाला का, सुटी केव्हां, सिस्टर रागावते का, ह्या प्रश्नांनीं मुलगी एका शब्दांत उत्तर देऊन फोन ठेवते. त्यापेक्षां असें विचारून पाहावें: काल पाळीवरून आल्यावर किती तास निजलीस? जेवलीस कोठें? ह्या आठवड्यांत नवें काय करावयास आलें? कोणास काय विचारलेंस? शेवटच्या प्रश्नास तिनें उत्तर दिलें, तर बाकीच्या गोष्टी ती आपण होऊन सांगूं लागते.